‘प्रॉक्समॉक्सला सपोर्ट आहे’ म्हणजे नेमकं काय? एजंटचा बॅकअप आणि होस्टवरचा बॅकअप

एकाच सर्व्हरवर अनेक आभासी मशीन (व्हीएम) चालवणारं सॉफ्टवेअर बनवणारी व्हीएमवेअर नोव्हेंबर २०२३मध्ये ब्रॉडकॉमने विकत घेतली, पुढच्याच महिन्यात कायमस्वरूपी लायसन्सची विक्री थांबवली आणि अनेकांनी तेच काम करणाऱ्या प्रॉक्समॉक्सची वाट धरली. तिथे बॅकअपचं विचारलं की विक्रेता म्हणतो, ‘सपोर्ट आहे.’ या दोन शब्दांत दोन निराळ्या गोष्टी बसतात.

एक म्हणजे एजंट, बॅकअप घेणारा छोटा प्रोग्राम. तो प्रत्येक व्हीएमच्या आत, विंडोज किंवा लिनक्समध्ये टाकायचा. खाली प्रॉक्समॉक्स आहे की साधा सर्व्हर, हे त्याला ठाऊकही नसतं. म्हणजे सपोर्ट खरा, पण तो विंडोजला आहे, प्रॉक्समॉक्सला नाही.

दुसरा प्रकार होस्टवरचा, म्हणजे व्हीएम ज्या सर्व्हरवर चालतात तिथला. इथे व्हीएमच्या आत न शिरता तिची डिस्क बाहेरून वाचली जाते. प्रॉक्समॉक्सचा स्वतःचा बॅकअप सर्व्हर हेच करतो; बॅकअप सॉफ्टवेअर बनवणाऱ्या वीमने ऑगस्ट २०२४मध्ये १२.२ आवृत्तीत ही सोय आणली.

खरा फरक कळतो तो रिस्टोरच्या दिवशी. होस्टवरच्या बॅकअपमध्ये व्हीएमचं कॉन्फिगरेशनही असतं. रिस्टोर म्हटलं की कोअर, रॅम, नेटवर्क ब्रिज सगळं जागच्या जागी येतं. एजंटच्या बॅकअपला आधी रिकामी व्हीएम हाताने बनवायची, तिला रिकव्हरी आयएसओवरून (रिस्टोरसाठीच्या बूट डिस्कच्या फाइलवरून) बूट करायचं, आणि त्या आयएसओत व्हर्टआयओ ड्रायव्हर (व्हीएमची आभासी डिस्क ओळखणारा) नसेल तर डिस्कच दिसत नाही. रात्री दोन वाजता समोर डिस्कची रिकामी यादी आली की हातपाय गळतात. म्हणून तो ड्रायव्हर आजच आयएसओत घालून एकदा बूट करून बघा.

होस्टवरून घेतलं म्हणून निर्धास्त होऊ नका. चालू डेटाबेस नीट थांबवून कॉपी व्हावा, यासाठी क्यूईएमयू गेस्ट एजंट (व्हीएमच्या आत बसून होस्टशी बोलणारा प्रोग्राम) लागतो, आणि तो दोन ठिकाणी हवा: व्हीएमच्या ऑप्शन्समध्ये सुरू केलेला आणि आत इन्स्टॉल केलेला. नुसती टिक करून सोडून देण्याची चूक फार होते. (नावात एजंट असला तरी हा बॅकअप घेत नाही, घोळ इथेच वाढतो.)

माझं मत होस्टच्या बाजूने आहे, एक जागा सोडून. व्हीएमच्या आतून आयस्कझीने (नेटवर्कवरून डिस्क जोडण्याच्या पद्धतीने) जोडलेली डिस्क होस्टला दिसतच नाही. तिथे एजंटच हवा.

एलएक्ससी कंटेनर (व्हीएमपेक्षा हलके, होस्टचाच लिनक्स कर्नल वापरणारे) असतील तर तेही आधीच विचारा. वीमच्या १२.२ने ते घेतले नव्हते; प्रॉक्समॉक्सचा बॅकअप सर्व्हर घेतो.