दुहेरीचाच खेळाडू : एका पेशाची पार्श्वभूमी

रोहन बोपण्णाने १ नोव्हेंबर २०२५ रोजी निवृत्ती जाहीर केली, तेव्हा त्याने पंचेचाळिशी गाठली होती. त्या निमित्ताने एक जुना प्रश्न पुन्हा निघाला. लातूर-नांदेडकडे पोरांना टेनिसला घालणारे आईबाप तो हमखास विचारतात : आपल्या देशाचं नाव काढणारे टेनिसपटू सगळे दुहेरीतलेच कसे? पेस, भूपती, सानिया, बोपण्णा आणि आता युकी भांब्री. या प्रश्नाच्या पोटात आणखी एक प्रश्न असतो. एकेरीत ज्यांचं जमत नाही ते दुहेरीकडे वळतात, असंच ना? यात थोडं तथ्य आहे. पण तेवढ्यावर थांबलं तर या खेळाडूंवर अन्याय होतो, कारण हा पेशा कसा उभा राहिला ते त्यातून कळतच नाही.

पूर्वी टेनिसमध्ये ‘दुहेरीचा खेळाडू’ अशी वेगळी जात नव्हती. जो एकेरी खेळायचा तोच जोडीदाराला घेऊन दुहेरीतही उतरायचा. १९६८ मध्ये ग्रँड स्लॅम स्पर्धांची, म्हणजे ऑस्ट्रेलियन ओपन, फ्रेंच ओपन, विम्बल्डन आणि यूएस ओपन या चार सर्वांत मोठ्या स्पर्धांची, दारं व्यावसायिक खेळाडूंना उघडली. १९७३ मध्ये एटीपीने, म्हणजे पुरुष व्यावसायिक टेनिसच्या संघटनेने, एकेरीची संगणकी क्रमवारी सुरू केली, दुहेरीची १९७६ मध्ये. जॉन मॅकेन्रो हा त्या जुन्या पद्धतीचा शेवटचा मोठा वारस. त्याने एकेरीत सत्तरच्या वर स्पर्धा जिंकल्या आणि दुहेरीतही सत्तरच्या वर. पीटर फ्लेमिंगबरोबर विम्बल्डन चार वेळा आणि यूएस ओपन तीन वेळा.

मग एकेरीत पैसा वाढला, रॅकेटी बदलल्या, फटके जोरकस झाले आणि शरीराची झीजही वाढली. एकेरीतल्या बड्या खेळाडूंनी हिशेब केला आणि दुहेरीतून हळूहळू अंग काढून घेतलं. ती जागा रिकामी पडली म्हणून दुहेरीच्या खेळाडूंचा पेशा जन्माला आला. नव्वदच्या दशकात ऑस्ट्रेलियाच्या टॉड वुडब्रिज आणि मार्क वुडफर्ड यांनी जोडीने ६१ स्पर्धा जिंकल्या, त्यात ११ ग्रँड स्लॅम. पुढे अमेरिकेचे जुळे भाऊ बॉब आणि माइक ब्रायन आले. ११९ विजेतेपदं, १६ ग्रँड स्लॅम. दोघे जुळे, एक डावखुरा, एक उजवा. दुहेरीला याहून सोयीची जोडी मिळणं अवघड.

आपल्याकडची गोष्ट याच सुमारास सुरू होते. लिअँडर पेस एकेरीत कच्चा होता असं कुणी म्हणू नये. १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकमध्ये त्याने एकेरीत कांस्य मिळवलं. खाशाबा जाधवांच्या १९५२ च्या हेलसिंकीतल्या पदकानंतर भारताला मिळालेलं ते पहिलं वैयक्तिक पदक. १९९८ मध्ये त्याने न्यू हेवनला त्या काळचा एकेरीतला बडा खेळाडू पीट सॅम्प्रसला हरवलं. तरीही एकेरीत त्याची सर्वोत्तम क्रमवारी ७३. तळरेषेवर उभं राहून वर्षभर तडाखे देत राहण्याचा त्याचा पिंड नव्हता. त्याची खरी ताकद नेटजवळ होती : हात चपळ आणि प्रतिस्पर्ध्याचा फटका कुठे येणार याचा अंदाज पक्का. महेश भूपतीचं एकेरीतलं स्थान तर कधी दोनशेच्या आत आलं नाही, पण भारतीयाचं पहिलं ग्रँड स्लॅम विजेतेपद त्याच्याच नावावर आहे, १९९७ च्या फ्रेंच ओपनमध्ये जपानच्या रिका हिराकीबरोबर मिश्र दुहेरीचं. आणि १९९९ मध्ये पेस-भूपती चारही ग्रँड स्लॅमच्या अंतिम फेरीत पोचले, त्यातली फ्रेंच ओपन आणि विम्बल्डन जिंकली. डेव्हिस कपमध्ये, म्हणजे देशांच्या संघांच्या स्पर्धेत, या दोघांनी दुहेरीचे सलग २४ सामने जिंकले. आपल्याकडे दुहेरी हा मानाचा खेळ झाला तो या दोघांमुळे.

आणि हाच खेळ जोडीत किती नाजूक असतो तेही या दोघांनीच दाखवलं. त्यांचं बिनसलं, पुन्हा जमलं, पुन्हा बिनसलं. २००४ च्या अथेन्स ऑलिम्पिकमध्ये कांस्यपदकाचा सामना त्यांनी क्रोएशियाच्या आंचिच आणि ल्युबिचिच यांच्याकडून तिसऱ्या सेटमध्ये १४-१६ असा गमावला. तो सामना आठवला की अजूनही चुटपुट लागते. २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकआधी तर भूपती आणि बोपण्णा दोघांनीही पेसबरोबर खेळायला नकार दिला. एकेरीत खेळाडूचं भांडण फार तर प्रशिक्षकाशी होतं. दुहेरीत जोडीदारच कारकीर्द असतो. क्रमवारी प्रत्येकाची वेगळी मोजली जाते, पण स्पर्धेत प्रवेश दोघांच्या क्रमवारीची बेरीज करून मिळतो. जोडीदार घसरला की तुम्हीही दाराबाहेर.

सानिया मिर्झाची कारकीर्द मराठवाड्याला जरा जवळची वाटते, त्याला कारण आहे. तिचा जन्म मुंबईचा, पण ती वाढली हैदराबादेत. १९४८ पर्यंत मराठवाड्याचे जिल्हे निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते आणि १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात. नांदेड, देगलूरकडची माणसं आजही दवाखान्याला मुंबईपेक्षा हैदराबाद गाठतात. तर सानिया एकेरीत जगात २७ व्या क्रमांकापर्यंत गेली होती, २००७ मध्ये. कुठल्याही मापाने ही मोठी गोष्ट. पण मनगट साथ देईना, शस्त्रक्रिया झाल्या, आणि २०१३ पासून तिने एकेरी सोडून फक्त दुहेरी धरली. एप्रिल २०१५ मध्ये ती दुहेरीत जगात पहिली आली. मार्टिना हिंगिसबरोबर तिने विम्बल्डन आणि यूएस ओपन २०१५, ऑस्ट्रेलियन ओपन २०१६ जिंकली. दोघींनी सलग ४१ सामने गमावले नाहीत. दुखापतीने एक वाट बंद केली म्हणून तिने दुसरी घेतली हे खरं, पण त्या दुसऱ्या वाटेवर जगात पहिलं येणं काही आपोआप होत नाही.

दुहेरीत नेमकं वेगळं काय, हे कोर्टाकडे जवळून पाहिल्याशिवाय उमगत नाही. एकेरीचं कोर्ट २७ फूट रुंद, दुहेरीचं ३६. दोन्ही अंगांना साडेचार-साडेचार फुटांची पट्टी वाढते. सर्व्हिस करणारा चेंडू हातात घेऊन उभा असतो, त्याचा जोडीदार नेटपाशी वाकून, पाठीमागे हात नेऊन बोटांनी खूण करतो : सर्व्हिस कुठे टाक, आणि मी जागा सोडणार की थांबणार. कधी तो चक्क कोर्टाच्या मधोमध, नेटच्या उंचीखाली गुडघे मोडून बसतो, म्हणजे तो डावीकडे जाणार की उजवीकडे हे समोरच्याला शेवटपर्यंत कळू नये. रिटर्न करणाऱ्याला अर्ध्या सेकंदात ठरवायचं असतं. जोरात मारला तर नेटवरचा माणूस तो मधेच तोडणार. म्हणून चेंडू खाली, सर्व्हिस करून पुढे धावत येणाऱ्याच्या पायांशी टाकायचा, किंवा त्या पट्टीत, किंवा सरळ लॉब, म्हणजे नेटवरच्या माणसाच्या डोक्यावरून उंच चेंडू. चार-पाच फटक्यांत गुणाचा निकाल लागतो. या चार-पाच फटक्यांचं कसब वेगळं आहे. एकेरीतला पहिल्या दहातला खेळाडूही इथे चाचपडताना दिसतो, कारण नेटजवळ समोरासमोर व्हॉलीची (टप्पा पडण्याआधीच मारलेल्या फटक्यांची) देवाणघेवाण त्याला रोज करावी लागत नाही.

हे कसब टिकवायला या खेळाडूंना भांडावंही लागलं. २००५ मध्ये एटीपीने दुहेरीचे नियम असे बदलायचं ठरवलं की प्रवेशासाठी एकेरीची क्रमवारी महत्त्वाची ठरावी आणि सामने आखूड व्हावेत. दुहेरीचे खेळाडू थेट अमेरिकेत न्यायालयात गेले. शेवटी तडजोड झाली. प्रवेशाची वाट त्यांच्यासाठी खुली राहिली, पण २००६ पासून दौऱ्यावरच्या दुहेरीत ड्युसनंतरचा (४०-४० नंतरचा) ॲडव्हांटेज, म्हणजे सलग दोन गुण घेण्याची अट, गेला. ४०-४० झालं की पुढचा एकच गुण निर्णायक, आणि तो कुठल्या बाजूने घ्यायचा हे रिटर्न करणारी जोडी ठरवते. तिसऱ्या सेटच्या जागी दहा गुणांचा टायब्रेक, म्हणजे गेमऐवजी गुण मोजून लावायचा निकाल, आला. विम्बल्डनने पुरुष दुहेरी पाच सेटवरून तीन सेटवर आणली ती २०२३ मध्ये.

माझ्या मते या बदलाने दुहेरीतला जुना दीर्घ रंग गेला, नशिबाचा वाटाही वाढला. पण त्याचीच दुसरी बाजू म्हणजे खेळाडूंची वर्षं वाढली. बोपण्णाचीच कारकीर्द घ्या. कूर्गचा हा गडी एकेरीत २१३ च्या पुढे गेला नाही. २०१० च्या यूएस ओपनमध्ये पाकिस्तानच्या ऐसाम-उल-हक कुरेशीबरोबर तो अंतिम फेरीत पोचला आणि ब्रायन बंधूंकडून दोन्ही सेट ६-६ नंतरच्या टायब्रेकमध्ये गमावून हरला. गुडघ्यांतली कूर्चा झिजून गेली होती. २०२१ मध्ये कित्येक महिने एक सामनाही जिंकता आला नाही आणि खेळ सोडायचा विचार मनात आला होता, असं त्याने स्वतःच पुढे सांगितलं. गुडघ्यांसाठी तो अय्यंगार योगाकडे वळला, म्हणजे पुण्याहून जगभर गेलेल्या त्याच पद्धतीकडे. मग २०२३ पासून ऑस्ट्रेलियाचा मॅथ्यू एब्डेन जोडीदार मिळाला, आणि जानेवारी २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियन ओपनच्या अंतिम सामन्यात बोलेली-वावासोरी या इटालियन जोडीला ७-६, ७-५ असं हरवून बोपण्णाने पुरुष दुहेरीचं पहिलं ग्रँड स्लॅम जिंकलं. वय ४३. त्याच यशावर तो जगात पहिल्या क्रमांकावर गेला. एवढ्या वयात पहिल्यांदा तिथे पोचलेला दुसरा कुणी नाही. आयुष्याचा जोडीदार जसा वेळेवर भेटावा लागतो तसाच हाही, आणि बोपण्णाला तो फार उशिरा भेटला.

पैशाचं बोलायलाच हवं, कारण घर त्यावर चालतं. त्याच स्पर्धेत एकेरीच्या विजेत्याला ३१.५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलर मिळाले. दुहेरीच्या जोडीला ७.३ लाख, तेही दोघांत वाटून. ही झाली सर्वोच्च पायरी. खालच्या चॅलेंजर आणि आयटीएफच्या (आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या) स्पर्धांत दुहेरीच्या पहिल्या फेरीत हरलं तर हाती येणाऱ्या रकमेत परतीचं तिकीटही निघत नाही. म्हणून बरेच खेळाडू तिशीपर्यंत दोन्ही खेळत राहतात. युकी भांब्री २००९ मध्ये ऑस्ट्रेलियन ओपनचा ज्युनियर विजेता होता, एकेरीत ८३ व्या क्रमांकापर्यंत पोचला, दुखापतींनी मोडला आणि मग पूर्णपणे दुहेरीकडे आला. २०२५ च्या यूएस ओपनमध्ये तो न्यूझीलंडच्या मायकेल व्हीनसबरोबर उपांत्य फेरीत होता.

मराठवाड्यापासून फार लांब जायचं नसेल तर ऋतुजा भोसलेकडे बघावं. ती श्रीरामपूरची, गोदावरी ओलांडली की आपल्या वैजापूर-गंगापूरची शीव लागते. अमेरिकेत टेक्सास ए अँड एम विद्यापीठाच्या संघातून खेळून ती परतली आणि ३० सप्टेंबर २०२३ रोजी हांगझोच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीचं सुवर्ण जिंकली. पहिला सेट गमावला होता. निकाल २-६, ६-३, १०-४. पुण्याचा अर्जुन कढे असाच अमेरिकेतल्या विद्यापीठातून आलेला. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याने ऋत्विक बोल्लिपल्लीबरोबर अल्माटीची एटीपी स्पर्धा जिंकली. बोपण्णाही पुण्यात बालेवाडीला महाराष्ट्र ओपन या एटीपी स्पर्धेत दोनदा दुहेरीचा विजेता झाला, २०१९ मध्ये दिविज शरणबरोबर आणि २०२२ मध्ये रामकुमार रामनाथनबरोबर. २०१८ ते २०२३ ही स्पर्धा पुण्यात होती. तेवढी वर्षं मोठं टेनिस आपल्यापासून एका रात्रीच्या एसटीवर होतं. ती गेली याची खंत वाटते.

आपल्या मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांत खो-खो, कबड्डी, धावणं यांची मुळं खोल आहेत. धाराशिवची सारिका काळे खो-खोमधून अर्जुन पुरस्कारापर्यंत गेली, आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे स्टीपलचेसमध्ये ऑलिम्पिकच्या अंतिम फेरीत धावला. टेनिस मात्र इथे बहुतेक अधिकाऱ्यांच्या क्लबातून आलं, आणि क्लबात संध्याकाळी डॉक्टर, वकील, अधिकारी चौघं मिळून दुहेरीच खेळतात. मुलांचंही तेच. कोर्ट एक, पोरं आठ-दहा, मे महिन्यात सकाळी नऊनंतर कोर्टावर पाय ठरत नाही. मग शिकवणारा चौघांना एकदम उतरवतो. व्हॉली, रिटर्न, जोडीदाराला हाक मारणं हे सगळं त्यांच्या अंगी लवकर येतं. तरी बारा वर्षांच्या पोराला ‘तू दुहेरीच खेळ’ असं सांगणं चूक आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. वर नावं घेतलेल्यांपैकी प्रत्येकाने पाया एकेरीत घातला. पाय, दम, सर्व्हिस आणि एकट्याने सामना ओढून नेण्याची सवय तिथेच घडते.

पेशाचं पुढे काय, हे अजून ठरायचं आहे. २०२५ च्या यूएस ओपनने मिश्र दुहेरी मुख्य स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात, दोन दिवसांत उरकली. फक्त १६ जोड्या : आठ एकेरीच्या क्रमवारीवर, आठ वाइल्ड कार्डवर, म्हणजे आयोजकांनी आपल्या मर्जीने दिलेल्या प्रवेशावर. अंतिम सामना सोडला तर सेट चार गेमचे, विजेत्यांना दहा लाख डॉलर. एकेरीतले तारे उतरले, स्टेडियम भरलं, आणि जिंकले कोण तर सारा एरानी आणि आंद्रेआ वावासोरी, आदल्या वर्षीचे विजेते. मुरलेली दुहेरीची जोडी. अंतिम सामन्यात त्यांनी इगा श्वियाँतेक आणि कॅस्पर रूड या एकेरीतल्या बड्या खेळाडूंना हरवलं. एवढं होऊनही त्यांना स्वतःला प्रवेश मिळाला होता तो वाइल्ड कार्डावर. हीच स्पर्धा २०१४ मध्ये सानियाने ब्राझीलच्या ब्रुनो सोआरेसबरोबर जिंकली होती, आणि तेव्हा तिने एकेरी सोडलेली होती. २०२५ च्या पद्धतीत तिलाही आयोजकांच्या मर्जीवरच थांबावं लागलं असतं.