उभयचर सज्ज गट

समुद्रातून थेट किनाऱ्यावर सैन्य उतरवणारी जहाजे आणि त्यांवर आधीच चढवलेले सैन्य यांचा, स्वदेशापासून दूरच्या समुद्रात फिरता ठेवलेला नाविक गट. ही पद्धत मुख्यतः अमेरिकेच्या नौदलाने रुळवली. तेथे अशा गटाला ॲम्फिबियस रेडी ग्रुप म्हणतात. प्रस्तुत नोंद प्रामुख्याने त्याविषयी आहे.

गटात सामान्यतः तीन जहाजे असतात. सर्वांत मोठे जहाज सपाट डेकचे असून ते लहान विमानवाहू नौकेसारखे दिसते. त्यांतील वास्प वर्गाच्या जहाजाचे वजन सुमारे ४०,००० टन व लांबी सुमारे २५७ मी. असते. त्यावरून हेलिकॉप्टरे, हेलिकॉप्टरप्रमाणे सरळ वर उडू शकणारी ऑस्प्रे विमाने आणि सरळ खाली उतरू शकणारी लढाऊ विमाने उडतात. उरलेली दोन जहाजे वाहने, तोफा व उतरण नौका वाहतात. तिन्हींवर मिळून सुमारे २,२०० जणांचे मरीन एक्स्पिडिशनरी युनिट (मरीन म्हणजे समुद्रातून उतरून लढणारे अमेरिकेचे स्वतंत्र सैन्यदल) असते. त्यात पायदळाची एक बटालियन, हवाई तुकडी, रसद विभाग व मुख्यालय असून साधारण पंधरा दिवसांचा शिधा-दारूगोळा बरोबर असतो. जहाजांचा प्रमुख नौदलाचा कॅप्टन आणि सैन्याचा प्रमुख मरीन कर्नल हे समकक्ष हुद्द्यांचे असतात. साहजिकच कोणत्या टप्प्यावर कोणाचा शब्द अंतिम, हे मोहिमेआधी लेखी ठरवून घ्यावे लागते.

तांत्रिक दृष्ट्या महत्त्वाचा भाग म्हणजे जहाजाच्या मागील बाजूस, पोटात असलेली पाण्याची गोदी (वेल डेक). टाक्यांमध्ये समुद्राचे पाणी भरले की जहाजाची मागची बाजू खाली बसते. मग मागचा दरवाजा उघडून गोदीत पाणी घेतले जाते आणि आत उभ्या असलेल्या नौका तरंगत बाहेर पडतात. हवेच्या उशीवर चालणाऱ्या एलसीएसी या नौकांना इतकेही पाणी लागत नाही. सुमारे ६० टनांचा भार घेऊन त्या ४० नॉट किंवा त्याहून अधिक वेगाने थेट वाळूवर चढतात. सामान भरण्याचा क्रमही ठरलेला असतो : किनाऱ्यावर जे सर्वांत आधी लागणार, ते जहाजात सर्वांत शेवटी चढवायचे. हा नियम धाब्यावर बसवला तर काय होते, ते १९१५ च्या गॅलिपोली मोहिमेत दिसले. विस्कळीत भरलेली ब्रिटिश जहाजे पुन्हा भरण्यासाठी ईजिप्तला परत पाठवावी लागली आणि तुर्की सैन्याला तयारीला वेळ मिळाला. पुढे अमेरिकन मरीन दलाने व्हर्जिनियातील क्वांटिको या आपल्या तळावर या मोहिमेचा कसून अभ्यास केला.

या पद्धतीचा उगम कधी झाला, याविषयी मतभेद आहेत. काहींच्या मते तिचे मूळ १८९८ च्या स्पेन-अमेरिका युद्धात आहे. पँथर या जहाजावरून आलेली हंटिंग्टन यांची मरीन बटालियन १० जून १८९८ रोजी क्यूबातील ग्वांतानामो येथे उतरली होती. १९०३ मध्ये डिक्सी जहाजावरून पनामात उतरलेली लजून यांची बटालियनही या संदर्भात पुढे केली जाते. मात्र या तुकड्या विशिष्ट प्रसंगासाठी जहाजावर चढवलेल्या होत्या. पाळीपाळीने सतत समुद्रात असणे हे या पद्धतीचे व्यवच्छेदक लक्षण त्यांत आढळत नाही. दुसरा पक्ष १९६० च्या सुमारास अमेरिकेच्या पश्चिम पॅसिफिकमधील सातव्या आरमारात उभारलेल्या स्पेशल लँडिंग फोर्सकडे बोट दाखवतो. बटालियन आणि हेलिकॉप्टरे यांची आजच्यासारखी सांगड तेथे दिसते, हे खरे. तथापि १९४८ च्या प्रारंभापासून भूमध्य समुद्रात, पुढे सहावे आरमार म्हणून ओळखल्या गेलेल्या ताफ्याबरोबर मरीन बटालियन पाळीपाळीने ठेवण्यात येऊ लागली होती. उगम तेथे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. जुलै १९५८ मध्ये लेबाननचे राष्ट्राध्यक्ष कामिल शामून यांनी मदत मागितली आणि दुसऱ्याच दिवशी, १५ जुलैला, बैरूतजवळच्या खल्दे येथे मरीन सैनिक उतरू शकले, ते या व्यवस्थेमुळेच. किनाऱ्यावर त्यांना शत्रूऐवजी समुद्रस्नानाला आलेले लोक आणि शीतपेये विकणारे फेरीवाले भेटले.

युनिटचे नावही बदलत गेले. व्हिएटनाममध्ये ‘एक्स्पिडिशनरी’ हा शब्द फ्रेंच वसाहती सैन्याची आठवण करून देई, म्हणून १९६५ मध्ये त्याजागी ‘ॲम्फिबियस’ आला. १९८८ मध्ये जुना शब्द परतला.

डिसेंबर १९७१ मध्ये बंगालच्या उपसागराकडे आलेले सातवे आरमार म्हटले की भारतात एंटरप्राइझ ही विमानवाहू नौका आठवते. त्या ताफ्यात ट्रिपोली ही मरीन सैनिक व हेलिकॉप्टरे नेणारी नौकाही होती, याकडे सहसा लक्ष जात नाही. नागरिकांची सुटका हे अधिकृत कारण होते; भारतावर दबाव आणणे हाच मुख्य हेतू असल्याचे मत अधिक ग्राह्य दिसते.

शत्रूच्या माऱ्यात मोठे सैन्य उतरवण्याचे प्रसंग कोरियन युद्धातील १९५० च्या इंचॉन चढाईनंतर विरळच. सज्ज गटांच्या वाट्याला बहुधा सुटका आणि मदतकार्य येते. जानेवारी १९९१ मध्ये सोमालियाची राजधानी मोगादिशू येथील अमेरिकन वकिलातीला वेढा पडण्याची भीती निर्माण झाली, तेव्हा ग्वाम व ट्रेंटन ही जहाजे ओमानजवळून निघाली. सुमारे ४६० सागरी मैल अंतर उरले असतानाच दोन अवजड हेलिकॉप्टरे रात्री उडाली. वाटेत हवेतच इंधन भरून घेत ती पहाटे वकिलातीच्या आवारात उतरली. एकूण २८१ जणांची सुटका झाली. त्याच वर्षी २९ एप्रिलच्या चक्रीवादळानंतर आखाती युद्धाहून परतणारा ताफा बांगलादेशाकडे वळवण्यात आला. तेथे बहुतेक सैनिक रात्री जहाजांवरच मुक्कामाला जात. उद्ध्वस्त किनाऱ्यावर त्यांचा भार पडू नये, हा त्यामागील विचार. नोव्हेंबर २००१ मध्ये मरीन दलाचे सेनानी जेम्स मॅटिस यांच्या नेतृत्वाखाली दोन युनिटांतील सैनिक अरबी समुद्रातून अफगाणिस्तानातील कंदाहारच्या दक्षिणेस उतरले. समुद्रकिनारा नसलेल्या देशातील ही चढाई उभयचर म्हणावी का, हा प्रश्न व्याख्येचा आहे.

कायमचा परदेशी तळ असलेला गट जपानमधील सासेबो येथे असून त्याचे ३१ वे युनिट ओकिनावात असते. इतर गट अमेरिकेच्या दोन्ही किनाऱ्यांवरून पाळीने निघतात. जहाजांच्या रखडणाऱ्या दुरुस्त्यांमुळे अलीकडे या पाळ्या विस्कळीत झाल्या आहेत. अशी किमान ३१ जहाजे राखण्याचे बंधन कायद्याने घातले आहे. पण डिसेंबर २०२४ च्या सरकारी लेखापरीक्षण अहवालानुसार ३२ पैकी १६ जहाजांची स्थिती असमाधानकारक होती.

ब्रिटन व फ्रान्स मर्यादित प्रमाणात असे गट पाठवतात. भारताकडे सतत फिरता उभयचर गट नाही. मोगादिशूच्या मोहिमेतील ट्रेंटन मात्र २००७ मध्ये भारतीय नौदलात आयएनएस जलाश्व म्हणून दाखल झाली. मे २०२० मध्ये टाळेबंदीत मालदीवमध्ये अडकलेल्या ६९८ भारतीयांना तिने पहिल्या फेरीत कोचीला आणले.