अप्रेंटिसशिप आणि इंटर्नशिप एकच नाही रे भो

जळगाव, धुळे, नंदुरबार कुठंही जा, लास्ट इयरच्या पोराला विचारलं सध्या काय चालूय, तर उत्तर ठरलेलं, "ट्रेनिंग करतोय". आता ट्रेनिंग म्हणजे नेमकं काय ते विचारायची सोय नाही, कारण घरचे सगळ्यालाच ट्रेनिंग म्हणतात, भुसावळला रेल्वेत अप्रेंटिस लागलेला मावसभाऊ पण ट्रेनिंगला आणि घरी बसून मोबाईलवर ऑनलाइन इंटर्नशिप करणारी बहीण पण ट्रेनिंगलाच. मग पोरं फॉर्म भरताना घोळ घालतात.

मुख्य फरक असा की अप्रेंटिसशिपच्या मागे कायदा उभा आहे, 1961 चा अप्रेंटिसेस ॲक्ट. तुमचा आणि कंपनीचा करार होतो, तो सरकारी पोर्टलवर नोंदवला जातो, किती महिने, कुठला ट्रेड, स्टायपेंड किती ते सगळं त्यात लिहिलेलं असतं, आणि स्टायपेंडची खालची मर्यादा पण ठरलेली असते (2019 च्या नियमांत पदवीधराला महिन्याला किमान 9000, डिप्लोमावाल्याला 8000, आयटीआयवाल्याला 7000 असं धरलंय, फॉर्म भरताना चालू आकडा पोर्टलवर बघून घ्या). ज्या कंपनीत 30 किंवा जास्त माणसं कामाला आहेत तिला अप्रेंटिस घ्यावेच लागतात, मनुष्यबळाच्या अडीच ते 15 टक्के. म्हणजे एमआयडीसीतल्या बऱ्यापैकी मोठ्या कारखान्यात तुम्ही विचारायला गेलात तर उपकार मागायला गेलात असं अजिबात नाही.

इंटर्नशिपला असं काही नाही. कंपनी, कॉलेज आणि तुम्ही यांच्यातला समजुतीचा मामला, एक ऑफर लेटर, कधी तेही नाही नुसता व्हॉट्सॲप मेसेज. पैसे देतील, नाही देतील. पण म्हणून ती वाईट असंही नाही बरं का, तिचं काम वेगळं आहे. शिकता शिकता दोन महिने आत डोकावून बघायचं की अकाउंटचं काम आपल्याला झेपतं का, लॅबमध्ये दिवसभर उभं राहता येतं का. आता एनईपीमुळे, म्हणजे नव्या शिक्षण धोरणामुळे, ओजेटी (ऑन जॉब ट्रेनिंग) आलंय, 4 क्रेडिटचं, म्हणजे साधारण 120 तास, ते याच खात्यात मोडतं. त्यासाठी पुण्यालाच पळायला पाहिजे असं काही नाही, जळगावात दालमिल आहे, चटईचे कारखाने आहेत, पाइपवाले आहेत, सीएची ऑफिसं आहेत, फक्त ओळखीच्या काकांकडून कोरा शिक्का मारून आणू नका, इंटरव्ह्यूला दोन प्रश्नांत उघडं पडतं.

आणि ते पैसे भरून मिळणारं ऑनलाइन इंटर्नशिप सर्टिफिकेट, त्याबद्दल तर बोलायलाच नको पण बोलतो. सोनेरी बॉर्डर, क्यूआर कोड, खाली कुणाची तरी सही, आणि काम काय तर चार टास्क, एक कॅल्क्युलेटर, एक टू-डू लिस्ट, एक लॉगिन पेज आणि स्वतःचा पोर्टफोलिओ, ते पण युट्यूबवरून जसंच्या तसं. समोरचा विचारतो, तुझा कोड तपासला कोणी, चुका कोणी काढल्या? तिथं गप्प. ज्या इंटर्नशिपमध्ये तुमचं काम बघणारा माणूसच नाही ती इंटर्नशिप नाही, ती पावती आहे.

आता अप्रेंटिसशिपची एक गोष्ट जी पोरांना कोणी सांगत नाही. एकदा ॲक्टखाली पूर्ण केली की पुन्हा तशीच दुसरीकडे सहसा करता येत नाही, रेल्वेच्या जाहिरातीत तर सरळ लिहिलेलं असतं की आधी केलेली असेल किंवा चालू असेल तर अर्ज करू नका. म्हणजे आयटीआय फिटर झाल्या झाल्या घाईत कुठल्यातरी छोट्या युनिटमध्ये करार करून बसलात, तर भुसावळच्या लोको शेडचा, इलेक्ट्रिक लोकोमोटिव्ह वर्कशॉपचा नाहीतर मनमाडच्या वर्कशॉपचा दरवाजा तुम्ही स्वतःच लावून घेतला. सेंट्रल रेल्वेच्या अप्रेंटिस भरतीला लेखी परीक्षा पण नसते, दहावीचे आणि आयटीआयचे मार्क धरून मेरिट लागतं, वय 15 ते 24, राखीव गटांना सूट. आणि रेल्वेतच ॲक्ट अप्रेंटिस पूर्ण केलेल्यांना नंतर लेव्हल 1 च्या (रेल्वेतल्या सगळ्यात खालच्या पायरीच्या) नोकरभरतीत 20 टक्के जागा राखीव असतात, परीक्षा मात्र द्यावी लागते. थेट नोकरी लागते असं गावात कोणी सांगत असेल तर ऐकून घ्या आणि सोडून द्या, कायद्यानं कंपनीवर सुद्धा तुम्हाला कायम करायची सक्ती नाही.

अजून एक, अप्रेंटिस हा कायद्यानं कामगार नसतो, ट्रेनी असतो. त्यामुळे पीएफ कापला नाही म्हणून भांडायला जाऊ नका. पण मशीनवर काम करताना इजा झाली तर नुकसानभरपाईची जबाबदारी मालकाची आहे, ते कायद्यातच आहे. इंटर्नला हे कवच असं स्पष्ट लिहून कोणी दिलेलं नाही, म्हणून इंटर्नशिपला प्रेस मशीनवर नाहीतर एक्स्ट्रूडरवर (प्लास्टिकचे पाइप काढायचं मशीन) एकटं उभं करत असतील तर सरळ नाही म्हणा.

मधल्या मध्ये सरकारी योजना आल्या आणि घोळ वाढला. 2024 ची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना, बारावीवाल्याला महिन्याला 6000, आयटीआय-डिप्लोमाला 8000, पदवीधराला 10000, ही अप्रेंटिसशिप नाही आणि कॉलेजची इंटर्नशिप पण नाही, शिक्षण चालू असताना ती घेता येत नाही. पीएम इंटर्नशिप पण त्याच वर्षी आली, तिच्या नावात इंटर्नशिप आहे पण 2024 च्या नियमांत फुल टाइम कॉलेज करणाऱ्याला तिथंही प्रवेश नव्हता.

तर कोणी "ट्रेनिंग" देतो म्हणाला की आधी विचारायचं, करार पोर्टलवर नोंदवणार का आणि शेवटी कागद कोणाचा मिळणार, कंपनीचं लेटरहेड की सरकारी सर्टिफिकेट. अप्रेंटिसशिप म्हणतोय आणि कॉन्ट्रॅक्ट नंबर विचारल्यावर "नंतर बघू" करतोय, तर तो स्वस्तात हेल्पर शोधतोय. आणि पैशाचा हिशोब घरी बसून करा, 9000 मध्ये पुण्यात रूम, मेस आणि गावी यायचं भाडं बसत नाही, तेच जळगावातून भुसावळला रेल्वेनं अप-डाऊन केलं तर डबा घरचा आणि हातात थोडं उरतं पण.