गरगर थांबवणारी डोक्याची वळणं

कूस बदलताना किंवा वर पाहताना सगळं गरगरतं आणि मिनिटभराच्या आत थांबतं, तेव्हा बहुधा आंतरकर्णातले कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म स्फटिक आपली जागा सोडून तोल सांभाळणाऱ्या अर्धवर्तुळाकार नलिकेत शिरलेले असतात. बहुतेक वेळा मागच्या नलिकेत. डोकं हललं की ते घरंगळतात, नलिकेतला द्रव सरकतो आणि डोकं थांबल्यावरही ते फिरतंय असा निरोप मेंदूला जातो. गोळ्यांनी मळमळ कमी होईल, पण हे कण नलिकेबाहेर निघणार नाहीत; त्यासाठी डोक्याची ठरावीक वळणं लागतात.

आधी कान कोणता ते ठरवायचं. डिक्स-हॉलपाइक चाचणीत डोकं ४५ अंश वळवून रुग्णाला झटकन उताणं निजवतात, मान कडेबाहेर किंचित झुकलेली. काही सेकंदांनी भोवळ येऊन बुबुळं थरथरली, तर खालच्या बाजूचा कान दोषी. हे न पाहता केलेली वळणं वाया जातात.

अमेरिकी कानतज्ज्ञ जॉन एप्ली यांनी १९९२ साली प्रसिद्ध केलेली पद्धत उजव्या कानासाठी अशी: डोकं उजवीकडे ४५ अंश वळवून बसा. तसंच मागे निजा, मान २० ते ३० अंश मागे झुकू द्या. भोवळ थांबेपर्यंत, निदान अर्धा ते एक मिनिट, हलू नका. मग मान तशीच झुकलेली ठेवून डोकं डावीकडे ९० अंश फिरवा. पुन्हा तेवढंच थांबा. आता डाव्या कुशीवर वळा, डोकंही सोबत आणखी ९० अंश, म्हणजे नाक जमिनीकडे येतं. थांबा. शेवटी हनुवटी छातीकडे ठेवून कुशीवरूनच उठून बसा. या क्षणी तोल जाण्याची भीती सर्वांत जास्त, म्हणून कोणीतरी खांद्याला धरलेलं हवंच.

बिघडतं ते घाईने. कण संथपणे खाली बसतात. पुढचं वळण लवकर घेतलं किंवा मधेच मान उचलली, तर ते उलटे परततात. कधी ते आडव्या नलिकेत शिरतात आणि भोवळेची तऱ्हाच बदलते. तिथे एप्लींची पद्धत चालत नाही, उताण्या स्थितीतून निरोगी कानाकडे ९०-९० अंशांनी लोळण घ्यावी लागते.

मानेच्या मणक्यांचा त्रास असेल तर घरी करू नका. बोलणं अडखळणं, दुहेरी दिसणं, हातपाय लुळे पडणं किंवा अचानक बहिरेपणा सोबत असेल, तर ही वळणं नकोत, थेट रुग्णालय गाठा. उपचारानंतर मात्र रात्रभर बसून झोपण्याची गरज नाही.