इंजिनचा बोल्ट की गिअरबॉक्सचा? गाडीखाली शिरायच्या आधी एवढं बघाच

मागच्या दिवाळीत माझ्या मावसभावाने साताऱ्याला घरच्या अंगणात पहिल्यांदा कारचं इंजिन ऑइल स्वतः बदललं आणि तासाभराने मला फोन केला. म्हणाला, दादा निघालेलं ऑइल तर मधासारखं स्वच्छ आहे, उगाचच बदललं असं वाटतंय, आणि नवीन तीन लिटर ओतलं तर डिपस्टिकवर (ऑइलची पातळी बघायच्या पट्टीवर) वरच्या खुणेच्या कुठल्या कुठे वर गेलंय. मी त्याला आधी एवढंच सांगितलं, गाडी चालू करू नकोस, किल्ली काढून घरात ठेव. त्याने इंजिनचं नाही, गिअरबॉक्सचं ऑइल काढलं होतं. म्हणजे इंजिनात जुनं अधिक नवीन मिळून जवळपास दुप्पट, आणि गिअरबॉक्स कोरडा.

यात त्याचा निष्काळजीपणा नव्हता. तो कॉलेजपासून बाईकचं ऑइल स्वतः बदलतो आणि आपल्याकडच्या बहुतेक बाईकला खाली ऑइल काढायचा एकच ड्रेन बोल्ट असतो, कारण तिथे इंजिन, क्लच आणि गिअर तिन्ही एकाच ऑइलवर चालतात. तोच हात गाडीला लावला की जो बोल्ट पहिला दिसतो तोच "ऑइलचा बोल्ट" वाटतो. पण गाडीत दोन वेगळी घरं आहेत, दोन वेगळी ऑइलं आहेत आणि दोन वेगळे बोल्ट आहेत. (स्कूटरवाल्यांनी पण लक्ष ठेवा, अॅक्टिव्हासारख्या स्कूटरला इंजिन ऑइल वेगळं आणि मागच्या चाकाकडे गिअर ऑइल वेगळं असतं, ते जेमतेम शंभर-सव्वाशे मिली.)

मग ओळखायचं कसं? आपल्याकडच्या छोट्या गाड्यांमध्ये, स्विफ्ट घ्या, आय टेन घ्या, इंजिन आडवं बसवलेलं असतं आणि त्याला चिकटूनच गिअरबॉक्स, बहुतेक वेळा डाव्या बाजूला बॅटरीच्या खाली. खालून बघितलं की दोन्ही एकसंधच वाटतात आणि गडबड होते ती इथेच. सगळ्यात पक्की खूण म्हणजे ड्राइव्हशाफ्ट. पुढच्या दोन्ही चाकांकडून येणारे दांडे ज्या घरात शिरतात तो गिअरबॉक्स, तिथला बोल्ट आज आपला नाही. इंजिनचं चेंबर, म्हणजे खाली ऑइल साठतं ते भांडं, त्याच्या शेजारी, बऱ्याचदा काळ्या पत्र्याचं, उथळ परातीसारखं, आणि ऑइल फिल्टर लागतो तो इंजिनच्या ब्लॉकलाच. चेंबर पत्र्याचंच असेल असं मात्र धरून चालू नका, काही गाड्यांना ते पण अॅल्युमिनियमचं असतं आणि मग गिअरबॉक्ससारखंच दिसतं.

तरीही शंका असली तर थंड गाडी पाच मिनिटं जागेवर न्यूट्रलमध्ये चालू ठेवा, बंद करा आणि मग खालून हात लावून बघा. चेंबर कोमट लागतं, गिअरबॉक्स त्यामानाने थंड असतो. ऑइलही जरा पातळ होऊन नीट निघतं, म्हणजे तसंही हे करायचंच असतं. आणि गाडी नुसत्या जॅकवर ठेवून कुणीही खाली जाऊ नका, सपाट जमिनीवर घोड्या (जॅक स्टँड) लावूनच, यात घाई नको. बोलेरोसारखी उभ्या इंजिनची, मागच्या चाकांना ताकद देणारी गाडी असेल तर तिथे तिसरा बोल्ट पण आहे, मागच्या डिफरन्शियलचा (मागच्या दोन चाकांमधल्या गिअरच्या घराचा), पण तो इतका लांब असतो की सहसा चुकत नाही.

बोल्ट ढिला केल्यावरसुद्धा थांबायची संधी असते आणि मला वाटतं हीच गोष्ट सगळ्यांनी लक्षात ठेवावी. इंजिन ऑइल वापरून काळं पडतं कारण आत इंधन जळतं, त्याची काजळी ऑइलमधली डिटर्जंटसारखी रसायनं धरून ठेवतात, काळं झालं म्हणजे ते त्याचं काम करतंय. गिअरबॉक्समध्ये काहीच जळत नाही, तिथे फक्त दातावर दात घासतो, त्यामुळे चाळीस हजार किलोमीटर झाले तरी तिथलं ऑइल बऱ्यापैकी सोनेरी किंवा तपकिरी राहू शकतं. वास पण वेगळा, गिअर ऑइलमध्ये जोरदार दाब सहन करायला गंधक-फॉस्फरसची संयुगं असतात, तो उग्र कुजकट वास एकदा नाकात बसला की कधी विसरत नाही. म्हणून दहा हजार किलोमीटर चाललेल्या गाडीतून मधासारखं ऑइल यायला लागलं तर "वा, ऑइल अजून चांगलंय" असं म्हणू नका, बोल्ट परत बसवा. लाल ऑइल आलं तर ती बहुतेक ऑटोमॅटिक गाडी आहे आणि तुम्ही तिच्या गिअरबॉक्सलाच हात घातलाय, तिथे तर घरी काहीच करू नका.

आता दुकानातला गोंधळ. इंजिन ऑइलच्या कॅनवर ५डब्ल्यू-३० किंवा २०डब्ल्यू-५० लिहिलेलं असतं, गिअर ऑइलवर ७५डब्ल्यू-८० किंवा ८०डब्ल्यू-९०. साहजिकच वाटतं की ९० म्हणजे ५० च्या जवळपास दुप्पट जाड. तसं अजिबात नाहीये. डब्ल्यू म्हणजे विंटर हे दोन्हीकडे सारखं, पण मोजायच्या पट्ट्या वेगळ्या आहेत. शंभर अंश सेल्सियसला इंजिनचं ५० नंबर ऑइल १६.३ ते २१.९ सेंटिस्टोक (ऑइलचा जाडपणा मोजायचं एकक) असतं आणि गिअरचं ९० नंबर १३.५ ते १८.५, म्हणजे गिअरचं ९० हे इंजिनच्या ४० आणि ५० च्या आसपासच बसतं. नंबर मुद्दाम लांबचे ठेवलेत ते दोन्ही ऑइलांची सरमिसळ होऊ नये म्हणून. खरा फरक आत घातलेल्या रसायनांचा. इंजिन ऑइलवर एपीआय (ऑइलचा दर्जा ठरवणारी अमेरिकन संस्था) याच्या पुढे एसएन, एसपी अशी अक्षरं दिसतील, गिअर ऑइलवर जीएल-४ किंवा जीएल-५, आणि जिथे जीएल-४ सांगितलंय तिथे जास्त भारी म्हणून जीएल-५ घालू नका, काही जीएल-५ ऑइलं गिअरबॉक्समधल्या पितळी सिंक्रोनायझर रिंगांना (गिअर अलगद पडायला मदत करणाऱ्या कड्यांना) त्रास देतात. काही जुन्या होंडा गाड्यांच्या मॅन्युअल गिअरबॉक्समध्ये कंपनीच इंजिन ऑइल घालायला सांगायची हे खरंय, पण म्हणून आपल्या गाडीत तसं करायचं नाही, आपल्या गाडीचं पुस्तक काय सांगतं तेच खरं.

भरायची पद्धतही वेगळी. इंजिनला वर झाकण आणि डिपस्टिक, नरसाळं लावून ओतायचं आणि दोन खुणांच्या मध्ये आणायचं. मॅन्युअल गिअरबॉक्सला बहुतेक वेळा डिपस्टिकच नसते, बाजूला एक लेव्हलचा बोल्ट असतो, तिथून ऑइल बाहेर ओघळायला लागलं की भरलं. सगळ्यात काळजीची गोष्ट म्हणजे इंजिनात ऑइलचा दाब पडला तर डॅशबोर्डवर लाल दिवा लागतो, मॅन्युअल गिअरबॉक्स कोरडा पडला तर कुठलाच दिवा लागत नाही. गाडी छान चालू होईल, गिअर पण पडतील, थोड्या अंतराने घरघर ऐकू येईल आणि तोवर बेअरिंग गेलेलं असेल. तिकडे जास्त भरलेल्या इंजिनात आतला फिरणारा दांडा, म्हणजे क्रँक, ऑइलला घुसळून फेस करतो, पंपात हवा जाते, सील गळायला लागतात.

चूक झालीच तर गाडी हलवू नका. टो करायची वेळ आली तर ताकद मिळणारी चाकं (छोट्या गाड्यांत पुढची, बोलेरोसारखीत मागची) उचलूनच, कारण चाकं फिरली की कोरडे गिअर पण फिरतात. मावसभावाच्या बाबतीत आम्ही ओळखीच्या मेकॅनिकला घरी बोलावलं, इंजिनचं सगळं ऑइल खऱ्या बोल्टातून काढलं, फिल्टर आणि वॉशर नवीन, मापाने तीन लिटर, मग लेव्हलच्या बोल्टापर्यंत गिअर ऑइल. इंजिन एकदाही चालू केलं नव्हतं म्हणून गाडीला काही झालं नाही. काढलेलं काळं ऑइल कॅनमध्ये भरून त्या मेकॅनिककडेच दिलं, गटारात नाही. जायच्या आधी मी गाडीखाली जाऊन इंजिनच्या बोल्टाशेजारी पिवळ्या रंगाचा ठिपका दिला आणि गिअरबॉक्सच्या बोल्टाशेजारी पांढरा, आणि कोणता रंग कशाचा ते बॉनेटच्या आतल्या बाजूला मार्करने लिहून ठेवलं.