विंचवाचा उतारा: चिंचोक्यापासून प्रॅझोसिनपर्यंत

कोकणात विंचू चावला की कुणाला बोलवायचं हे वाडीत आधीच ठरलेलं असे. विंचू उतरवणारा एक तरी माणूस हाकेच्या अंतरावर असायचाच. तो आघाड्याचं मूळ अंगावरून खाली फिरवत ठणका उतरवत आणायचा, मंत्र पुटपुटायचा आणि सहसा पैसे घ्यायचा नाही. घेतले तर मंत्राचा गुण जातो, अशी समजूत. तो येईपर्यंत घरातली आजी सहाणेवर चिंचोका घासून दंशावर चिकटवायची. चिंचोका चिकटून बसला म्हणजे विष ओढतोय, गळून पडला म्हणजे विष संपलं. कुणी कांदा चोळायचं, कुणी मिठाचं पाणी लावायचं.

या उपायांनंतर माणसं बरी होत, हे खरंच आहे. त्यांना अडाणी म्हणून मोकळं होण्याआधी ती का बरी होत हे पाहायला हवं. आपल्याकडे दोन विंचू जास्त भेटतात. काळा विंचू आकाराने मोठा, दिसायला भयंकर, पण त्याचं विष तुलनेने सौम्य. ठणका असह्य असतो, तो काही तासांत, फार तर एक-दोन दिवसांत आपोआप ओसरतो. लाल विंचू लहान आणि किडकिडीत. जीव घेतो तो हा. पण त्याच्याही प्रत्येक दंशात विष अंगभर भिनत नाही, अनेकांना नुसत्या वेदनाच होतात. म्हणजे दहातल्या बहुतेक दंशांत चिंचोका लावला काय आणि नाही लावला काय, माणूस उठून बसणारच होता. श्रेय मात्र चिंचोक्याला आणि मंत्राला मिळत गेलं, पिढ्यान्‌पिढ्या.

उरलेल्या दंशांची गोष्ट वेगळी. लाल विंचवाच्या विषामुळे मज्जातंतूंमधली सोडियमची दारं उघडी राहतात आणि शरीरात अ‍ॅड्रेनॅलिनसारखी द्रव्यं एकदम सुटतात. रोग्याला उलट्या होतात, दरदरून घाम फुटतो, लाळ गळते, हातपाय बर्फासारखे गार पडतात. पुरुषांत आणि लहान मुलग्यांतही लिंग ताठरतं. लाजेपोटी हे सांगायचं राहून जातं, म्हणून इथे मुद्दाम लिहितो आहे. रक्तवाहिन्या आवळल्यामुळे रक्तदाब चढतो, हृदयाला तो भार पेलवत नाही आणि शेवटी फुप्फुसात पाणी भरतं. घात असा, की अशा रोग्याला दंशाच्या जागी ठणका पुष्कळदा कमीच असतो. ठणका नाही म्हणजे विंचू उतरला, असं घरच्यांना वाटतं, आणि नेमके तेच तास हातचे जातात.

फुप्फुसात पाणी भरण्याची ही बाब डॉ. पी. एम. मुंडले यांनी 1961 मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये मांडली होती. पण उपाय सापडायला आणखी वीस-बावीस वर्षं गेली. जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचे डॉ. हिंमतराव बावस्कर 1976 मध्ये महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. विंचू चावलेली मुलं त्यांच्यासमोर दगावत होती. त्या काळी दिली जाणारी अ‍ॅलर्जीविरोधी औषधं आणि स्टेरॉइड उपयोगी पडत नव्हती. अ‍ॅट्रोपिन या औषधाने तर हृदयावरचा ताण वाढण्याची भीती. मोठी यंत्रसामग्री नव्हती. म्हणून ते रोग्याच्या खाटेपाशी तासन्‌तास बसून नाडी, रक्तदाब, घाम, हातापायांचा गारवा टिपत राहिले. संशोधन म्हणजे प्रयोगशाळा, ही आपली कल्पना या खाटेपाशी मोडते, असं मला मनापासून वाटतं. कोणती लक्षणं पुढच्या धोक्याची वर्दी देतात, याबद्दलचा त्यांचा लेख 1982 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला.

लक्षणं कळल्यावर उपायाची दिशाही कळली: आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करायच्या. त्यासाठी आधी सोडियम नायट्रोप्रुसाइडचं सलाइन वापरलं गेलं. त्याने रोगी वाचू लागले, पण त्यावर क्षणोक्षणी नजर ठेवावी लागते. खेड्यातल्या दवाखान्याला ते झेपणारं नव्हतं. मग प्रॅझोसिन आलं. ही रक्तदाबाची स्वस्त गोळी, तोंडाने देता येणारी, विषाने मोकाट सुटलेल्या द्रव्यांचा रक्तवाहिन्यांवरचा मारा थोपवणारी. तिच्याबद्दल ‘लॅन्सेट’मध्ये 1986 मध्ये छापून आलं. बावस्करांच्याच नोंदीप्रमाणे प्रॅझोसिनच्या आधी, म्हणजे 1961 ते 1983 या काळात, पश्चिम भारतातल्या अशा रोग्यांपैकी 25 ते 30 टक्के दगावत. नंतर हे प्रमाण 1 टक्क्याखाली आलं. या कामात त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर बरोबरीने होत्या, हे विसरलं जाऊ नये. बावस्करांना 2022 मध्ये पद्मश्री मिळाली.

मुंबईच्या हाफकिन संस्थेत तयार होणाऱ्या विंचवाच्या प्रतिविषाच्या, म्हणजे विषाचा प्रभाव मोडणाऱ्या औषधाच्या, उपयोगाबद्दल मात्र बराच काळ शंका होत्या. बावस्कर दांपत्याने महाडमध्ये 70 रोग्यांवर तुलना केली. प्रॅझोसिनसोबत प्रतिविष मिळालेल्या 35 पैकी 32 जण दहा तासांत पूर्ण बरे झाले, नुसतं प्रॅझोसिन मिळालेल्या 35 पैकी 8. हे निष्कर्ष 2011 मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाले.

आजही भाताच्या भाऱ्यात, जळणाच्या लाकडांत, जांभ्या दगडाच्या गडग्यात विंचू असतोच. चावलाच, तर जागा कापू नये, चोखू नये, करकचून बांधू नये. बर्फाने शेकल्यास ठणक्याला आराम पडतो. उलटी, घाम किंवा गार हातपाय यांतलं एकही लक्षण दिसलं, विशेषतः लहान मुलात, तर 108 ला फोन करून सरळ दवाखाना गाठावा, आणि विंचू किती वाजता चावला ते डॉक्टरांना आधी सांगावं.