कीटकदंशाची प्रतिक्रिया (नाशिक परिसर)

कीटक चावल्यावर किंवा त्याने डंख मारल्यावर शरीरात उमटणारा परिणाम. डास, ढेकूण, पिसवा रक्तासाठी चावतात आणि त्वचेत लाळ सोडतात. मधमाशी, गांधीलमाशी आणि काही मुंग्या स्वतःच्या किंवा पोळ्याच्या बचावासाठी विष टोचतात. जिवावर बेतते ते बहुधा या दुसऱ्या प्रकारात.

नाशिक जिल्ह्यात हा धोका कड्यांवर आणि द्राक्षबागांत जास्त. ब्रह्मगिरी, अंजनेरी, हरिहर यांसारखे उभे कातळ आग्या माशीला सोयीचे. सातेरी माशी ढोलीत घर करते. आग्या उघड्यावर एकच मोठे पोळे टांगते. धूर, उग्र अत्तर, भिरकावलेला दगड किंवा मोहोळ घारीची (पोळी फोडून खाणाऱ्या शिकारी पक्ष्याची) झडप, एवढ्यावर मोहोळ उठते. निफाड-दिंडोरीकडे जानेवारी ते एप्रिल द्राक्षाची तोडणी चालते, तेव्हा तडकलेल्या मण्यांच्या रसावर माश्या जमतात. मधमाशीला धड मणी फोडता येत नाही, गांधीलमाशीला येतो. पण घडामागे बसलेली कोणतीही माशी तोडणाऱ्याच्या हाताला आधी लागते, डोळ्याला नंतर दिसते.

बहुतेक डंखांत थोडी सूज, आग आणि खाज येते व एक-दोन दिवसांत ओसरते. काहींना १० सेंमी.हून मोठी सूज येते, दोन दिवस वाढते आणि उतरायला आठवडा लागतो. पहिल्या दोन दिवसांतली ही लाली सहसा जंतुसंसर्गाची नसते, त्यामुळे प्रतिजैविकांची गरज क्वचितच पडते. शेकडो माश्या डसल्या तर ॲलर्जी नसलेल्यालाही विषबाधा होते. स्नायू विरघळून मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात.

ॲलर्जी असलेल्याला मात्र एकच डंख पुरतो. या तीव्र प्रतिक्रियेला ॲनाफिलॅक्सिस म्हणतात. हा शब्द शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिए या फ्रेंच शास्त्रज्ञांनी १९०२ मध्ये वापरात आणला. रिशे यांना त्या कामासाठी १९१३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आधीच्या एखाद्या डंखानंतर शरीराने विषाविरुद्ध प्रतिपिंडे बनवून ठेवलेली असतात. पुढच्या डंखाला हिस्टामिन व इतर द्रव्ये एकदम सुटतात, रक्तवाहिन्या सैलावतात, रक्तदाब कोसळतो, श्वासनलिका आवळतात.

आपल्याकडे घोटाळा होतो तो एका शब्दाने. अंगभर गांधी उठल्या की घरात ‘पित्त उठलं’ म्हणतात आणि आमसुलाचे पाणी चोळतात. एरवी त्याला हरकत नाही. पण माशी चावल्यावर काही मिनिटांत, डंखापासून दूरच्या अंगावर उठलेले ‘पित्त’ ही पहिली सूचना असते. पाठोपाठ ओठ-जीभ सुजणे, आवाज घोगरा होणे, धाप, उलटी, डोळ्यांपुढे अंधारी यांपैकी काही दिसले तर वाट पाहू नये. काहींच्या अंगावर गांधी उठतही नाहीत, ते थेट कोसळतात.

उपचार एकच: मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूत ॲड्रेनालिनचे इंजेक्शन. प्रौढाला ०.५ मिग्रॅ., मुलाला किलोमागे ०.०१ मिग्रॅ.; गरज पडल्यास पाच मिनिटांनी पुन्हा. सेट्रिझिन या ॲलर्जीच्या गोळीने खाज थांबते, जीव वाचत नाही. रुग्णाला आडवे करून पाय उंच ठेवावेत, धाप असेल तर टेकून बसवावे. उठून चालायला लावू नये, एकदम उभे राहिल्याने हृदय बंद पडल्याची उदाहरणे आहेत. १०८ ला फोन करून जवळच्या आरोग्य केंद्रात न्यावे. बरे वाटले तरी काही तास देखरेख लागते, कारण लक्षणे उलटू शकतात.

मधमाशीचा काटा विषपिशवीसह त्वचेत अडकतो आणि विष सोडत राहतो. तो नखाने काढा की चिमट्याने, पहिल्या काही सेकंदांत निघाला पाहिजे. चुना लावणे, लोखंड घासणे हे उपाय गावोगावी चालतात. विष आम्ल म्हणून चुना, असा त्यामागचा तर्क. पण मधमाशीच्या विषात मुख्य भाग मेलिटिनसारख्या पेप्टाइडांचा (छोट्या प्रथिनांचा) असतो आणि तो त्वचेखाली पोचलेला असतो. बर्फाच्या शेकाने आग निश्चित कमी होते.

प्रतिबंध साधा आहे. मोहोळाखाली चूल किंवा सिगारेट पेटवू नये, गड चढताना अत्तर टाळावे, बागेत पूर्ण बाह्यांचा सदरा घालावा. माशी चिरडू नये: डंखासोबत केळ्यासारख्या वासाचे द्रव्य सुटते आणि त्या वासावर बाकीच्या धावून येतात. मोहोळ उठलेच तर डोके-तोंड झाकून बंद जागेकडे पळावे. पाण्यात बुडी मारून उपयोग नाही, माश्या वर घिरट्या घालत थांबतात.

एकदा तीव्र प्रतिक्रिया येऊन गेलेल्याने ॲलर्जीतज्ज्ञाकडून तपासून घ्यावे. वाढत्या मात्रेत विष टोचून शरीराला सरावाने सहनशील करण्याचा उपचार तीन ते पाच वर्षे चालतो आणि बहुतेकांना पुढच्या डंखापासून वाचवतो. रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर गोळ्या घेणाऱ्यांनी ते डॉक्टरांना आधीच सांगावे. त्यांच्यावर ॲड्रेनालिनचा असर कमी पडू शकतो.